प्लेअर खराब नाही, भाऊ

(नागपुरातल्या बर्डीवरच्या एका व्हिडिओ कन्व्हर्जनवाल्यास खुलं पत्र)

भाऊ,

तुमचं नाव इथे लिहिणार नाही. तुमच्या गल्लीत तुमच्यासारखे आणखीही आहेत, आणि एकट्या तुमच्या नावानं खडे फोडले तर बाकीचे सुटतील. तुम्हाला मात्र ओळख पटायला हवी, म्हणून खुणा सांगते. काळी ई-१८० व्हीएचएस कॅसेट. पाठीवरच्या पट्टीवर निळ्या शाईत, माझ्या बाबांच्या अक्षरात, ताईच्या लग्नाचं नाव आणि खाली 'मे १९९३, नागपूर'. ती तुम्ही एका हातानं घेतलीत, काउंटरखालच्या खोक्यात टाकलीत आणि मान वर न करता म्हणालात, "होऊन जाईल." तुमचा शब्द खरा ठरला. व्हायचं ते होऊन गेलं.

तुमच्या फलकावर 'सर्व फॉरमॅट' असं मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय. त्या सर्वांमध्ये माझ्या आईच्या घरचा डीव्हीडी प्लेअर तेवढा बसला नाही. तुम्ही कॅसेटवरून बनवून दिलेली पहिली डिस्क आत सरकवली, थोडी घरघर झाली आणि टीव्हीवर 'नो डिस्क' आलं. डिस्क घेऊन परत आले तर तुम्ही ती तुमच्या कॉम्प्युटरवर लावून दाखवलीत. चालली. मग तुम्ही जे बोललात ते शब्दाला शब्द लक्षात आहे: "डिस्क एकदम ओके आहे मॅडम. प्लेअरच गेला असन तुमचा. आता कोण वापरून राहिलं प्लेअर? पेनड्राइव्ह घ्या ना."

कोण वापरतं ते सांगते. रेशीमबागेत राहणारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई वापरते. तिच्या रिमोटवर प्लेच्या बटणाला लाल टिकली चिकटवलेली आहे, म्हणजे चष्मा नसला तरी बोट बरोबर पडतं. ट्रे उघडायचा, डिस्क ठेवायची, टिकली दाबायची, एवढं तिला येतं आणि ते ती कुणालाही हाक न मारता करते. मोबाइलवर तिचं बोट भलतीकडेच लागतं, आणि नव्या टीव्हीच्या मेनूत ती हरवते. आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकायला तिला दर वेळी नातवाची वाट पाहायला लावायची का? तुम्हाला दिलेलं काम हे होतं, भाऊ: त्या घरात, त्या टीव्हीला लावलेल्या त्या प्लेअरवर चालेल अशी डिस्क. तुमच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी डिस्क कुणी मागितलीच नव्हती.

तुमच्या कॉम्प्युटरवर चालली यात डिस्कची काही परीक्षा झाली नाही. तिथे तुम्ही व्हीएलसी लावलं होतंत. पॅरिसच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला तो प्रोग्राम नावाजला गेला तोच कशासाठी, तर जवळजवळ काहीही समोर टाकलं तरी तो चालवतो म्हणून. आईचा प्लेअर २००८ च्या आसपास बर्डीवरूनच घेतलेला. तेव्हा मोझर बेअर २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकू लागली होती आणि घरोघरी प्लेअर येत होते. त्याच्या आतल्या चिपला काय वाचता येतं हे कारखान्यातच ठरलेलं आहे. डीव्हीडीचा एमपेग-२, व्हीसीडीचा एमपेग-१, गाण्यांच्या एमपी३, फोटोंच्या जेपेग. बस. पुढच्या पट्टीवर त्याची चिन्हंसुद्धा छापलेली आहेत. तुम्ही एक प्रश्न विचारायचा होता: "काकूंच्या प्लेअरवर कोणकोणती चिन्हं आहेत?" डिव्हएक्सचं चिन्ह असतं तर एव्हीआय फाइलचा विचार करता आला असता. ते नाही, हे फोनवर कळलं असतं.

तुम्ही काय दिलंत ते मी डिस्क उघडून पाहिलं. एकच एमपी४ फाइल, आत एच.२६४, आणि ती डेटा डिस्क म्हणून जशीच्या तशी चिकटवलेली. १९९६ मध्ये जपानात पहिले डीव्हीडी प्लेअर बाजारात आले तेव्हापासून या डिस्कची मांडणी ठरलेली आहे. वर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर, त्यात चित्र-आवाजाच्या व्हीओबी फाइली, कुठे काय आहे ते सांगणाऱ्या आयएफओ आणि त्यांच्या राखीव प्रती बीयूपी. प्लेअर आधी तो फोल्डर शोधतो. तो नाही मिळाला आणि वाचता येईल अशी एकही फाइल सापडली नाही, की आमच्या घरच्यासारखा जुना प्लेअर डिस्कच नाही म्हणून सांगून मोकळा होतो. त्यानं खरं सांगितलं. त्याच्या दृष्टीनं ती डिस्क नव्हतीच.

प्लेअर गेला का, हे तपासायला दुकानही लागत नाही. विकत घेतलेली सिनेमाची डिस्क लावायची. ती चालली तर मोटर आणि लेन्स ठीक. मग घरी राइट केलेली एखादी जुनी डिस्क लावायची, कारण राइट केलेली डिस्क छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परतवते आणि म्हातारं झालेलं लेसर तिथे अडखळतं. आईनं स्वतः दोन्ही लावून पाहिल्या. सिनेमा चालला, माझ्या भाच्याच्या मुंजीची डिस्क चालली. तुमची तेवढी चालली नाही. तरी तुम्ही एका म्हाताऱ्या बाईला तिची वस्तू भंगारात टाकायला सांगत होतात.

दुसऱ्या वेळी तुम्ही केलंत ते मला जास्त लागलं, कारण पहिल्या वेळी अज्ञान होतं, या वेळी लबाडी होती. फाइलच्या नावाचं शेपूट तुम्ही बदललंत. एमपी४ खोडून एमपीजी लिहिलंत आणि "आता कन्व्हर्ट केलं" म्हणून पुन्हा पैसे घेतलेत. बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या लिंबाच्या लोणच्याचं आंब्याचं होत नाही. प्लेअरला नाव ओळखीचं वाटलं, त्यानं यादीत फाइल दाखवली. नाव देवनागरीत असल्यामुळे तिथे नुसत्या आडव्या रेघा. आईनं टिकली दाबली. पडदा काळा झाला, परत यादी आली. तिनं पुन्हा दाबली. तुमच्याविषयी ती एक शब्द वाईट बोलली नाही. "माझंच काहीतरी चुकून राहिलं असेल" म्हणाली. या वाक्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही, भाऊ. चूक तुमची, आणि ती एक बाई स्वतःच्या बोटात शोधत बसली.

मीडियाइन्फो नावाचं एक फुकटचं साधन आहे. फाइल त्यावर ओढून सोडली की आत खरोखर काय आहे ते ते सांगतं, नाव काहीही असो. त्यात स्पष्ट दिसलं: पहिल्या डिस्कवरचीच फाइल, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तिसरी डिस्क चालली. ती चालल्यावर तुम्ही सुटलात असं तुम्हाला वाटलं असेल. खरं दुखणं तिथेच सुरू झालं.

सगळे जाडे झाले होते. ताई, भावोजी, बाबा, सगळ्यांचे चेहरे आडवे ताणलेले. १९९३ ची कॅसेट चारास तीन या आकाराची. तुम्ही तिच्यावर सोळास नऊचा शिक्का मारलात, कारण सॉफ्टवेअरनं तो आपोआप निवडून ठेवला होता आणि तुम्ही ती खिडकी वाचलीच नाही. मग हालचाल. नवरी चालतेय पण हिसके देत, आणि अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना आडव्या रेघा. पाहिलं तर तुम्ही अमेरिकेच्या पद्धतीची डिस्क बनवलेली: ४८० ओळी, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनं, आणि आपले कॅमेरे, व्हीसीआर, कॅसेटी सगळं त्याच पद्धतीचं. सेकंदाला २५ चित्रं, दिसणाऱ्या ओळी ५७६. पंचविसाची तीस करायची तर दर सेकंदाला जवळपास पाच चित्रं उसनी लागतात. सॉफ्टवेअर तीच चित्रं दोनदा दाखवून भरती करतं, म्हणून हिसका. शिवाय पालचं प्रत्येक चित्र विषम आणि सम ओळींच्या दोन अर्ध्या भागांचं बनलेलं असतं. ते तसेच ५७६ वरून ४८० वर दाबले की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या हाताला रेघा येतात. नागपुरात बसून, नागपुरात शूट झालेली कॅसेट, नागपुरातल्या टीव्हीसाठी बनवताना तुम्ही अमेरिकेचं बटण दाबलंत. पालचं बटण त्याच्या शेजारीच असतं.

आणि तो धूर. लाजाहोमाच्या वेळी मांडवात धूर भरला होता, तो मला लहानपणापासून आठवतो. तुमच्या डिस्कवर तो चौकोनी आहे. पडद्यावर राखाडी ठोकळे उठतात, सरकतात, त्यात ताईचा चेहरा विरघळतो. त्याचं कारण हिशेबात आहे. एका साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं. तीन तासांची जवळजवळ अख्खी कॅसेट तुम्ही त्या एकीवर कोंबलीत, म्हणजे आवाजासकट सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला आले. डीव्हीडीच्या नियमानं नुसत्या चित्रालाच ९.८ पर्यंत मुभा आहे. धूर, पाणी, हलती गर्दी यांना सगळ्यात जास्त बिट लागतात, कारण त्यांत मागच्या चित्रातलं काहीच पुढच्या चित्रात तसंच राहत नाही. दोन डिस्का केल्या असत्या तर हे झालं नसतं. एकाच डिस्कचा हट्ट होता तरी वाट होती. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ असा अर्ध्या रुंदीचा आकार चालतो. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील साधारण २४० रेषांइतकाच असतो, त्यामुळे त्या अर्ध्या रुंदीत फारसं काही हरवत नाही आणि तेवढ्याच बिटांत धूर धुरासारखा दिसतो. हे जाणणारा माणूस डिस्क बनवायला बसतो तेव्हा आधी कॅसेट किती मिनिटांची आहे ते पाहतो. तुम्ही माझी कॅसेट किती वाजेपर्यंत संपेल ते पाहत होतात.

आता बाबांच्या आवाजाबद्दल. बाबांचा आवाज दुसऱ्या कशावरही नाही. ते गेले तेव्हा घरात कुणाच्या खिशात रेकॉर्ड करणारा फोन नव्हता. त्या लग्नात शेवटची मंगलाष्टका त्यांनी स्वतः रचून स्वतः म्हटली होती. आईला ही कॅसेट बघायची होती ती त्यासाठी, ताईच्या साड्या पुन्हा पाहण्यासाठी नाही.

मे महिना, नागपूर, भर दुपार. हॉलमध्ये चार कोपऱ्यांत चार मोठे कूलर. कॅसेटवर सगळीकडे त्या कूलरची घरघर आहे आणि मला ती हवी आहे. नागपूरकरांच्या कानाला उन्हाळ्यातलं लग्न म्हणजे तोच आवाज. तुम्ही 'नॉइज रिमूव्हल'ची पट्टी शेवटपर्यंत ओढलीत. कूलर गेला. त्याच्याबरोबर बाबांच्या आवाजातला खर्जही गेला, आणि उरला तो डब्यातून बोलल्यासारखा. तुम्हाला कुणी आवाज धुऊन मागितला होता का?

तरी मंगलाष्टकांपर्यंत आवाज ओठांशी जुळलेला आहे. पुढे जावं तसा तो मागे पडत जातो. पाठवणीला बाबा ताईच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतात. त्यांचे ओठ मिटतात, ते मान वळवतात, डोळे पुसतात, आणि मग त्यांचे शब्द येतात. आईनं ते पाहिलं आणि डिस्क थांबवली. टीव्ही बंद करून ती आत गेली.

यातला तांत्रिक भाग तुमच्या धंद्यात रोज येतो, म्हणून तो तरी तुम्हाला माहीत असायला हवा होता. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच पुढेमागे असेल तर ती साधी जुळवणी असते. आवाज तेवढा सरकवायचा, पाच मिनिटांचं काम. पण फरक वाढत जात असेल तर गफलत रेकॉर्डिंग उतरवतानाची असते. जुन्या फितीचा सिग्नल हलतो. कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र मधली मधली चित्रं गाळतं, आणि आवाज मात्र न थांबता चालत राहतो. शेकडो चित्रं गळली की काही सेकंदांची तफावत. त्यावर उपाय आहेत. सिग्नल सरळ करणारं टाइम बेस करेक्टर मध्ये लावायचं, किंवा ज्यात ते आतच आहे असा चांगला व्हीसीआर वापरायचा. गळालेल्या चित्राच्या जागी आधीचं चित्र भरणारं कॅप्चर सॉफ्टवेअर घ्यायचं. त्या वेळी कॉम्प्युटरवर दुसरं काही चालू ठेवायचं नाही. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, जिला यंत्र लागत नाही: उतरवून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं स्वतः पाहायची. तुम्ही पाहिली नाहीत. पाहिली असतीत तर तुमच्याही लक्षात आलं असतं की एक बाप मुलीशी मुका बोलतोय.

डिस्कवर तुमच्या दुकानाच्या नावाचा चकचकीत कागदी स्टिकर मात्र न चुकता होता. थोडा कलता चिकटवलेला. डिस्क मिनिटाला शेकडो फेऱ्या घेते, एका बाजूला कागदाचं वजन जास्त झालं की ती थरथरते. त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तो कागद आक्रसतो आणि डिस्कला वाक आणतो. जाहिरात तुमची, घरघर आमच्या प्लेअरची, आणि खराब म्हणायचं तेही प्लेअरलाच.

हे सगळं दुरुस्त करणं किती सोपं होतं ते सांगते, म्हणजे 'तेवढ्या पैशात तेवढंच होतं' असं तुम्ही म्हणू नये. एफएफएमपेग नावाचा प्रोग्राम २००० सालापासून जगाला फुकट मिळतो. त्यात 'पाल-डीव्हीडी' हा एक शब्द लिहिला की चित्राचा आकार, पंचवीस चित्रं, एमपेग-२, आवाजाचे ४८ किलोहर्ट्झ, सगळं नियमात बसवून मिळतं. चारास तीनचं तेवढं सांगावं लागतं. मग डीव्हीडी स्टायलरसारख्या, तोही फुकटच, साधनात मेनू लावून व्हिडिओ_टीएस बनवायचं, डिस्क राइट करून फायनलाइज करायची आणि दुकानात ठेवलेल्या एखाद्या जुन्या, स्वस्त प्लेअरवर लावून पाहायची. असा प्लेअर जुन्या बाजारात थोड्या पैशांत मिळेल. 'सर्व फॉरमॅट'वाल्या दुकानात तो नसावा?

माझ्या मावसभावानं वर्ध्याला हेच केलं. त्याच्याकडे चालू व्हीसीआर आहे. त्याला जीव लावून जपतो, कारण नवा मिळत नाही. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैमध्ये ते काम बंद केलं. आता आहेत तेवढेच व्हीसीआर. त्यांची डोकी झिजताहेत, रबरी पट्टे सैल पडताहेत आणि इकडे फितीवरचा थर सुटत चाललाय. जुनी कॅसेट व्हीसीआरमधून जाते तेव्हा ती थोडी थोडी मरते, भाऊ. म्हणून इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा चालवायची ती नीट उतरवून घेण्यासाठीच. ती पहिली चाल मी तुमच्या हाती दिली होती.

आमच्या या भागात अशा किती कॅसेटी लोखंडी कपाटांत पडून आहेत, त्याचा विचार तुम्ही कधी करता का? कॉलनीच्या गणेशोत्सवातली नाटकं. वडशाकडच्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळींचे रात्रभर चाललेले प्रयोग, कुणीतरी हौसेनं टिपलेले. दीक्षाभूमीवर दसऱ्याला गावाकडून आलेल्या आजोबांचा, पांढऱ्या सदऱ्यातला, एकुलता एक हलता फोटो. मारबतीची मिरवणूक, आणि तिच्यामागचे त्या वर्षीचे बडग्यांचे पुतळे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं १९६४ पासून सिनेमे जपले, तरी भारताच्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची, एकही प्रत आज उरलेली नाही. मग घरगुती कॅसेटींना कोण विचारतो? त्यांचं संग्रहालय म्हणजे तुमचं काउंटरखालचं खोकं. जपण्याचं हे काम कुणी तुम्हाला सोपवलेलं नाही हे खरं. पण ते तुमच्या हाती आलंय, आणि तुम्ही त्याचे पैसे घेता.

तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे बडगे काढतात ते मोठ्या गुन्हेगारांचे. तुमचा कुणी काढणार नाही. तुमच्यासारख्यांनी केलेलं नुकसान एकेका घरात, एकेका टीव्हीपुढे, दार लावून सोसलं जातं. म्हणून ते पत्रात लिहावं लागतं.

आता मुद्द्याचं बोलते.

कॅसेट तुम्ही परत दिलीत तेव्हा तिच्या सुरुवातीची फीत चुरगळलेली होती. तुमच्या व्हीसीआरनं ती खाल्ली. मावसभावानं सांधून पाहिली, पण पहिला दहाएक मिनिटांचा भाग वाचवता आला नाही. नुसती पांढरी धुळवड दिसते आणि आवाजाच्या जागी खरखर. उरलेलं त्यानं दोन डिस्कांवर नीट उतरवून दिलं, कूलरसकट. आईच्या प्लेअरवर ते चालतं. पाठवणीला बाबा बोलतात तेव्हा त्यांचे ओठ हलतात. आई रोज दुपारी लावते.

मात्र त्या गेलेल्या मिनिटांत आजी होती. बाबांची आई. आदल्या दिवशीची हळद, रेशीमबागेतल्या जुन्या घराचा ओटा, आणि नऊवारीतली आजी जात्यापाशी बसलेली. मग ती कॅमेऱ्याकडे हात करून "मले काहून काढता रे" म्हणते. मला ते पाठ आहे, कारण कॅसेट चांगली होती तेव्हा आम्ही तो भाग मागे नेऊन नेऊन पाहायचो. तुमच्या तिन्ही डिस्कांत तो नाही. तीन तास एका डिस्कवर बसवायला तुम्ही पुढून कापलात. लग्न मांडवापासून सुरू होतं असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

पण तुमच्या तिसऱ्या डिस्कचा मेनू मी पुन्हा पाहिला. गुलाबी बदामाच्या चौकटीत, 'प्ले मूव्ही'च्या मागे, तुम्ही एक चित्र टाकलंय. आईनंच ते आधी ओळखलं. ते ओट्याचं आहे. जात्याचा खुंटा दिसतो, आजीचा हात दिसतो, चेहरा अर्धा तुमच्या बदामानं झाकलाय. हे चित्र तुम्ही कॉम्प्युटरमध्ये उतरवलेल्या मूळ फाइलीतून घेतलंत, दुसरीकडून ते येऊच शकत नाही. म्हणजे फीत खाल्ली जाण्याआधी तो भाग तुमच्याकडे उतरला होता.

ती कच्ची फाइल मला हवी आहे. तुम्ही दाबलेली, धुतलेली, कापलेली कुठलीही प्रत नको. मूळ कॅप्चर, जशी असेल तशी, अमेरिकन असो की हिसके देणारी. आवाज आम्ही जुळवून घेऊ. तुमच्या हार्ड डिस्कवर जागा करायला तुम्ही जुन्या फाइली उडवत असाल, तर आज उडवू नका. उडवली असेल तर त्या हार्ड डिस्कवर नवीन काही लिहू नका, मला लगेच सांगा. उडवलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पुष्कळदा परत मिळते, आणि ती काढायचा खर्च मी देईन. तिन्ही डिस्कांचे पैसे तुमच्याकडेच राहू द्या. पावतीवर माझा नंबर तुमच्याच अक्षरात आहे. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही फोन करा, त्या वेळात आई डिस्क पाहत असते.

तुमची ग्राहक,
नागपूर